बाटलीवर वाढवलेला नर
हरणे पाळताना कुंपण 2 मीटरपेक्षा उंच ठेवावे आणि नर पाडस बाटलीवर वाढवून माणसाळवावे, असे सुचवले जाते. पैकी कुंपणाचे मान्य, दुसरे मात्र धोक्याचे. अशा नराला माणसाचे भय उरत नाही, त्यामुळे शिंगांवरचे मखमली कातडे खोडाला घासून गळाले, मान फुगली आणि माज चढला की तो रोज दूध पाजणाऱ्यालाच प्रतिस्पर्धी समजून अंगावर येतो. आईजवळ वाढलेला बुजरा नर निदान अंतर राखतो. (मादीच्या बाबतीत ही भीती बरीच कमी.) शिवाय पकडताना कळप पळवू नये, कारण अति दमछाकीने हरणाचे स्नायू आतून खराब होतात, लघवी तपकिरी होते आणि जनावर काही तासांनी, कधी काही दिवसांनीही दगावते. भरीव फळ्यांच्या अंधाऱ्या बोळातून हळू नेल्यास तेच कळप पुष्कळ शांत राहतात.