गाझपाचोची भावंडं
एकाने विचारलंय की गाझपाचो (टोमॅटो, काकडी, सिमला मिरची कच्चीच वाटून केलेलं स्पॅनिश गार सूप) दर वेळी सेमच लागतं, त्यात बदल काय करता येईल. माझं म्हणणं, आधी आंदालुसियातलीच (म्हणजे दक्षिण स्पेनमधली) त्याची भावंडं करून बघा. कोर्दोबाचं साल्मोरेहो म्हणजे टोमॅटो, लसूण, शिळा पाव, ऑलिव्ह ऑइल नि मीठ बास, काकडी-सिमला मिरची नाहीच, पाव जास्त म्हणून छान दाट होतं आणि वरून उकडलेलं अंडं नि हॅम बारीक चिरून घालतात. मालागाकडच्या आहोब्लांकोत तर टोमॅटोच नाही! बदाम भिजवून सोलायचे, लसूण, पाव, तेल, व्हिनेगर घालून गार पाण्यात एकदम गुळगुळीत वाटायचे नि वर द्राक्षं. मला हेच सगळ्यात जास्त आवडतं.

नेहमीचंच करायचं असेल तर निम्म्या टोमॅटोऐवजी कलिंगड घाला, भारी लागतं, फक्त पाणी अजिबात नको आणि व्हिनेगर जरा वाढवा नाहीतर सरबत होतं.

आणि काहीही करा पण तेल शेवटी, मिक्सर चालू ठेवून बारीक धारेने सोडा, लालभडक रंग बघता बघता केशरी होतो आणि सूप मखमली लागतं. लसणीतला हिरवा कोंब काढून टाका, लसूण कच्चीच असल्याने तो उग्र लागतो. मीठ-व्हिनेगर मात्र फ्रीजमधून काढल्यावर परत चाखून बघाच, गार झालं की चव दबते. बर्फ वाटीत घालू नका प्लीज, पाणचट होतं, त्यापेक्षा आदल्या रात्रीच करून ठेवा.