विश्वामित्रीतील जिवाणू-प्रदूषण: अहवालातला आकडा कोणत्या मानकाशी ताडून पाहावा?

फतेगंजची विद्यार्थिनी

नमस्कार. मी बडोद्यात पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रकल्पासाठी भूखी कांस हा नाला विश्वामित्री नदीला जिथे मिळतो त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूचे, तसेच खुद्द कांसेतले पाण्याचे नमुने एका खाजगी प्रयोगशाळेकडून तपासून घेतले. कांसेच्या आणि खालच्या बाजूच्या नमुन्यांपुढे अहवालात '1600 किंवा अधिक एमपीएन प्रति 100 मिली' असे लिहून आले आहे (एमपीएन म्हणजे जिवाणूंची सर्वाधिक संभाव्य संख्या). केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'ब' वर्गात, म्हणजे उघड्यावर स्नान करण्याजोग्या पाण्यात, एकूण कोलिफॉर्म (प्रदूषणाचा निर्देशक मानला जाणारा जिवाणूंचा गट) 500 पर्यंत चालतात. दुसरीकडे केंद्र सरकारच्या 2000 सालच्या अधिसूचनेत स्नानाच्या पाण्यासाठी विष्ठाजन्य कोलिफॉर्मची कमाल मर्यादा 2500 दिली आहे. माझे 1600 पहिल्या मर्यादेच्या वर आणि दुसरीच्या खाली येतात, तेव्हा या पाण्याला दूषित म्हणायचे की नाही? शिवाय विश्वामित्रीत मगरी असल्याने तिथे स्नानाला कोणी उतरतच नाही; मग स्नानाचे मानक लावणे कितपत योग्य ठरते? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त प्रयोगशाळावाला

ताई, मानकांकडे वळण्याआधी तुमच्या आकड्याविषयी बोलू, कारण 1600 ही मोजणी नसून, किती नलिकांत जिवाणू वाढले यावरून संख्या काढण्याच्या एमपीएन तक्त्याची कमाल मर्यादा आहे. 10, 1 आणि 0.1 मिली अशा तीन मात्रांच्या प्रत्येकी पाच नलिका लावल्या आणि पंधराच्या पंधरा नलिकांत वायू दिसला, म्हणजे जिवाणू वाढले, तर तक्ता त्यापुढे काही सांगू शकत नाही. त्या पाण्यात दोन हजार जिवाणू असोत की वीस लाख, अहवालात तीच ओळ छापून येईल. म्हणून '1600 किंवा अधिक' यातले 'किंवा अधिक' वगळून नुसते 1600 संगणकाच्या तक्त्यात भरणे आणि पुढे त्याची सरासरी काढणे पूर्णपणे चुकीचे ठरते. पुष्कळ प्रबंधांत हे सर्रास घडलेले मी पाहिले आहे.

सांडपाणी मिसळलेल्या कांसेसाठी विरलन करूनच, म्हणजे नमुना पातळ करूनच, चाचणी लावायला सांगा. 0.1, 0.01 आणि 0.001 मिली अशा मात्रा घेतल्या, तर तक्त्यातला आकडा शंभराने गुणावा लागतो आणि कमाल मर्यादा 1,60,000 पर्यंत जाते. पावसाळ्याआधीच्या साचलेल्या पाण्याला तीही अपुरी पडू शकते, त्यामुळे पहिल्या फेरीत चार-पाच विरलने लावलेली बरी.

अहवालात 'एकूण कोलिफॉर्म' आहे की 'विष्ठाजन्य कोलिफॉर्म', हेही नीट वाचा. पहिल्या गटातले कित्येक जिवाणू मातीत आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातही सापडतात. दुसऱ्या गटासाठी संशयित नलिकांतला द्रव पुन्हा 44.5 अंश सेल्सिअसला वाढवून पाहावा लागतो, आणि हा टप्पा वेगळा मागितला नाही तर काही प्रयोगशाळा तो करत नाहीत. तुम्ही ज्या दोन मर्यादा शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत त्या दोन निरनिराळ्या गटांच्या आहेत, म्हणून त्यांच्यात तुम्हाला वाटतो तसा विरोध नाही.

नमुना निर्जंतुक बाटलीत, पृष्ठभागाखाली वीतभर खोलीवरून, तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला ठेवून घ्यावा आणि हलवण्यापुरती जागा वर मोकळी सोडावी. बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून शक्यतो सहा तासांत चाचणीला लावावी. चोवीस तासांपलीकडे गेलेला नमुना मी तरी मोजणीत धरत नसे. बडोद्याच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या बाटलीतला आकडा नदीविषयी काहीही सांगत नाही.

दांडियाबाजारकर

मानकाच्या प्रश्नाकडे वळतो. मंडळाचे अ ते इ हे पाच वर्ग पाण्याच्या नियोजित उपयोगावर बेतलेले आहेत. निर्जंतुकीकरणाखेरीज कोणतीही प्रक्रिया न करता पिण्याजोग्या 'अ' वर्गाला एकूण कोलिफॉर्म 50, स्नानाच्या 'ब' ला 500 आणि नेहमीची शुद्धीकरण-प्रक्रिया करून पिण्यासाठी घ्यायच्या 'क' ला 5000 अशा मर्यादा आहेत. वन्यजीव आणि मत्स्यपालनासाठीच्या 'ड' वर्गात मात्र कोलिफॉर्मची मर्यादाच नाही. तिथे सामू, लिटरला किमान 4 मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन आणि मुक्त अमोनियाची 1.2 मिलिग्रॅमची सीमा एवढेच पाहिले जाते. म्हणजे मगरींची नदी म्हणून विश्वामित्री 'ड' मध्ये बसवली, तर जिवाणूंच्या बाबतीत ती कधीच नापास होणार नाही! हा मार्ग सोयीचा आहे, पण कागदावर नदी सुधारण्याची ती सर्वांत स्वस्त युक्ती आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुराच्या दिवसांत हेच पाणी काठच्या वस्त्यांत शिरते, काठावर गुरे पाणी पितात, आणि खाली ढाढर नदीला मिळून ते खंभातच्या आखाताकडे जाते. माणसाचा संपर्क स्नानापुरता मर्यादित धरणे योग्य नाही.

म्हणून 2000 सालच्या अधिसूचनेतली विष्ठाजन्य कोलिफॉर्मची जोडी वापरावी: इष्ट मर्यादा 500 आणि कमाल अनुज्ञेय मर्यादा 2500. ऋतुमान आणि प्रवाह यांनुसार होणाऱ्या चढउतारांना वाव मिळावा म्हणून दोन मर्यादा दिल्याचे अधिसूचनेतच म्हटले आहे. विष्ठाजन्य स्ट्रेप्टोकोकाय या जिवाणूंच्या दुसऱ्या गटासाठीही 100 आणि 500 अशी जोडी आहे. ते पाण्यात कोलिफॉर्मपेक्षा अधिक काळ तग धरतात, म्हणून जमल्यास तीही चाचणी करून घ्या. मात्र या दोन गटांच्या गुणोत्तरावरून मैला माणसांचा की म्हशींचा हे ठरवण्याची जुनी रीत आता विश्वासार्ह मानली जात नाही, त्यामुळे प्रकल्पात तिच्या वाटेला जाऊ नका.

निष्कर्ष लिहिताना 'स्नानाच्या निकषाशी तुलना केली असता' हे शब्द आवर्जून घाला. निकषाचे नाव न घेता नुसते 'दूषित' लिहिले, तर बहिस्थ परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील.

फतेगंजची विद्यार्थिनी

दोघांचेही मनापासून आभार. अहवाल पुन्हा वाचला. त्यात 'एकूण कोलिफॉर्म' असेच आहे, म्हणजे विष्ठाजन्य गटाची चाचणी करून घ्यावी लागेल. आता विरलनासह पुन्हा नमुने घेणार आहे. अनेक नमुन्यांचे आकडे हाती आल्यावर त्यांची साधी सरासरी घ्यावी की भौमितिक (सगळ्या आकड्यांचा गुणाकार करून, जितके आकडे तितवे मूळ काढून येणारी)? मार्गदर्शक शिक्षिका भौमितिक घ्यायला सांगतात.

जलअभियंता

शिक्षिकांचे म्हणणे बरोबर आहे, पण ते अर्धे आहे. समजा, एका जागेच्या पाच नमुन्यांत 300, 400, 500, 700 आणि 24,000 असे आकडे आले. साधी सरासरी 5180 येते आणि जागा 2500 च्या मर्यादेत नापास होते. भौमितिक सरासरी जेमतेम 1000 येते आणि जागा पास होते. जिवाणूंचे आकडे दहापटीच्या उड्या मारत असल्याने भौमितिक सरासरी नेहमीची स्थिती अधिक प्रामाणिकपणे दाखवते, परंतु 24,000 चा तो दिवस ती झाकून टाकते, आणि आजार पसरण्याची भीती नेमकी त्याच दिवशी सर्वाधिक असते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2012 च्या निकषांत म्हणूनच दोन अटी एकत्र ठेवल्या: ई. कोलाय या विष्ठेतल्या एका जिवाणूची भौमितिक सरासरी 100 मिलीला 126 पेक्षा जास्त नसावी आणि दहा टक्क्यांहून अधिक नमुने 410 च्या वर जाऊ नयेत. हे आकडे आपल्याकडे लागू करू नका, कारण तिथे मोजलेला जिवाणूच वेगळा आहे; पण सरासरीसोबत मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण द्यायची पद्धत उचलण्यासारखी आहे.

निवृत्त प्रयोगशाळावाला

यात एक भर घालतो. एमपीएनचा आकडा स्वतःच एक अंदाज असतो; पाच-पाच नलिकांच्या चाचणीत खरी संख्या त्या आकड्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून तिपटीपर्यंत कुठेही असू शकते. त्यामुळे 2300 पास आणि 2700 नापास अशी रेघ एकेका नमुन्यावर ओढण्यात अर्थ नाही.

जलअभियंता

अगदी मान्य. त्याच कारणाने माझा आग्रह आहे की प्रत्येक नमुन्यासोबत प्रवाहही मोजावा. नदीत वरच्या बाजूला सेकंदाला 2000 लिटर पाणी असून त्यात 100 मिलीला 1000 विष्ठाजन्य कोलिफॉर्म आहेत, आणि कांसेतून सेकंदाला फक्त 50 लिटर पाणी येते पण त्यात ते 1,00,000 आहेत, असे धरा. पूर्ण मिसळल्यावर खालच्या बाजूला सुमारे 3400 मिळतील. प्रवाहाच्या अडीच टक्क्यांनी नदी मर्यादेबाहेर गेली, ही गोष्ट नुसत्या एमपीएनवरून दिसत नाही. मात्र संगमाला लागूनच खालचा नमुना घेतला, तर कांसेचे पाणी एका काठाने वेगळेच वाहत असते. म्हणून खालच्या बाजूला पात्राच्या दोन्ही काठांजवळचे आणि मधले असे नमुने घ्या.

वेळेचाही विचार व्हावा. सकाळी घराघरांतून सांडपाणी अधिक सुटते, दुपारच्या उन्हात पृष्ठभागाजवळचे जिवाणू मरतात, आणि पहिल्या जोराच्या पावसात तळाचा गाळ ढवळून आकडे एकदम चढतात. एका जागेचा नमुना सकाळचा आणि दुसरीचा दुपारचा असेल, तर त्या जागांची तुलना होऊच शकत नाही. प्रत्येक बाटलीसोबत वेळ, पाण्याचे तापमान आणि आधीच्या दोन दिवसांतला पाऊस लिहून ठेवा. कोरड्या आणि पावसाळी दिवसांचे निष्कर्ष वेगवेगळ्या तक्त्यांत मांडा.

शेवटी सुरक्षिततेविषयी. कमाटीबागेच्या आसपासच नव्हे, तर शहरातल्या पात्रात मगर कुठेही असू शकते, तेव्हा हाताने बाटली बुडवायला काठाशी वाकू नका. पुलावरून दोरीला बांधलेल्या वजनदार चौकटीत निर्जंतुक बाटली सोडा, बादलीतून ओतून भरलेला नमुना जिवाणूंच्या चाचणीला चालत नाही. आणि काठांजवळचे नमुनेही पुलाच्या दोन टोकांवरूनच घेता येतील असा पूल निवडा.