वनमातीतील आणि पालापाचोळ्यातील स्प्रिंगटेलची विविधता: हाती आलेला आकडा वनाचा की नरसाळ्याचा?

पानथर (मूळ प्रश्न)

नमस्कार. दोन वनखंडांतील स्प्रिंगटेलच्या (माती-पालापाचोळ्यात राहणाऱ्या, कीटकांसारख्या सहा पायांच्या सूक्ष्म प्राण्यांच्या) विविधतेची तुलना करण्याचे काम मी हाती घेतले आहे. एक खंड रुंदपर्णी झाडांचा, मिश्र आहे आणि दुसरा एकाच सूचिपर्णी जातीच्या जुन्या लागवडीचा आहे. पहिल्या फेरीत प्रत्येक खंडातून ५ सेंटीमीटर व्यासाच्या धातूच्या नळीने १० सेंटीमीटर खोलीपर्यंतचे सहा नमुने घेतले. हे सहाही नमुने वीसेक पावलांच्या परिसरातले आहेत. पालापाचोळा ओंजळीने उचलून वेगळ्या पिशवीत भरला. नंतर माती हाताने मोकळी करून नरसाळ्यावरच्या जाळीवर पसरली, वर ४० वॉटचे दिवे लावले आणि खाली ७० टक्के अल्कोहोलच्या कुप्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी माती पूर्ण वाळलेली दिसली म्हणून दिवे बंद केले.

आलेल्या आकड्यांचा अर्थ मला लागत नाही. मिश्र वनातील एका नमुन्यात ६१ स्प्रिंगटेल निघाले आणि त्याच्यापासून दोन पावलांवरच्या नमुन्यात अवघे ४. सूचिपर्णी लागवडीतले नमुने तर जवळजवळ रिकामेच आले. शिवाय कुप्यांमध्ये अल्कोहोलवर पांढरे बारीक कण तरंगत होते. पहिल्या तीन कुप्यांतले कण मी कचरा समजून काढून टाकले. चौथ्या कुपीच्या वेळी सहज भिंगाखाली धरून पाहिले, तर त्या कणांना पाय होते.

आता दुसरी फेरी करायची आहे. नमुने किती घ्यावेत, पालापाचोळा वजनावर मोजावा की क्षेत्रफळावर, आणि तज्ज्ञ हाताशी नसताना ओळख कोणत्या पातळीपर्यंत नेणे प्रामाणिकपणाचे ठरेल, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे. मिश्र वनात विविधता जास्त आहे, एवढे तरी या फेरीवरून म्हणता येईल का?

ओलसर_कोपरा

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: म्हणता येणार नाही. सूचिपर्णी वनात आम्लधर्मी, अर्धवट कुजलेल्या सुयांचा जाड थर साचतो, त्यात गांडुळे कमी असतात आणि बुरशीचे जाळे दाट असते. अशा थरात स्प्रिंगटेलची संख्या बहुधा भरपूर असते. त्यामुळे तिथले नमुने रिकामे निघाल्यावर माझा पहिला संशय वनावर न जाता नरसाळ्यावर आणि प्रवासावर जातो. ते नमुने खणल्यापासून जाळीवर ठेवेपर्यंत किती वेळ गेला आणि तोवर ते कुठे होते, हे कृपया कळवावे.

नरसाळ्याची पद्धत प्राण्याच्या स्वतःच्या हालचालीवर उभी आहे, ही गोष्ट आपण विसरतो. बर्लेसे यांनी १९०५ मध्ये गरम पाण्याच्या वेष्टनाचे नरसाळे वापरले आणि टुलग्रेन यांनी १९१८ मध्ये त्याऐवजी विजेचा दिवा आणला. तेव्हापासून तत्त्व तेच राहिले आहे. वरून उष्णता आणि कोरडेपणा खाली सरकत येतो आणि त्याच्या पुढे पुढे प्राणी खाली उतरतो. मात्र हा कोरडेपणा प्राण्याच्या चालीपेक्षा वेगाने सरकला, तर प्राणी मातीतच वाळून मरतो आणि आपल्या नोंदीत तो कधी नव्हताच असे होते. पृष्ठभागावर राहणारे, लांब पायांचे, मोठे स्प्रिंगटेल या शर्यतीतून निभावतात. खोल मातीतले आखूड पायांचे, आंधळे, मंद चालीचे मागे राहतात. म्हणजे घाईने वाळवलेल्या नमुन्यात केवळ संख्याच घटते असे नाही, तर जातींची यादीही एका बाजूला कलते.

म्हणून पहिला दिवस दिवा न लावता जाऊ द्यावा, नंतर मंद उष्णता द्यावी आणि ती आठवडाभरात हळूहळू वाढवावी. माती मोकळी करू नये. नळीतून निघालेला ठोकळा अखंड ठेवून उलटा, म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग खाली येईल असा, जाळीवर ठेवावा. वरच्या थरातली छिद्रे मोठी असतात आणि उलट्या ठोकळ्यात प्राण्यांना त्याच मोठ्या वाटांनी बाहेर पडता येते. जाळीची भोके साधारण २ मिलिमीटरची असावीत. ठोकळा नरसाळ्याच्या भिंतीला टेकता कामा नये, कारण भिंतीवर बाष्प जमते आणि त्या थेंबांत अडकलेले प्राणी कुपीपर्यंत पोहोचतच नाहीत. मातीतील सूक्ष्म संधिपाद प्राण्यांचे नमुने घेण्यासाठी आणि ते वेगळे करण्यासाठी आयएसओ २३६११-२ हे मानक उपलब्ध आहे. ते डोळ्यांखालून घालावे, म्हणजे पुढे इतरांच्या आकड्यांशी तुलना करता येईल.

तरंगणाऱ्या पांढऱ्या कणांविषयी वाचून मात्र वाईट वाटले. स्प्रिंगटेलचे बाह्यावरण पाणी झटकून टाकणारे असते, त्यामुळे लहान प्राणी द्रवाच्या पृष्ठभागावरच राहतात. वरून तीव्र अल्कोहोलचे काही थेंब सोडून कुपी हलक्या हाताने फिरवली की ते बुडतात. आपण टाकून दिलेले कण लांबट, पांढरे, डोळे नसलेले आणि उडी मारण्याचा काटा नसलेले असतील, तर ते बहुधा ऑनिकियुरिडी किंवा टुलबर्जिइडी कुळांतले असणार. तसे असेल तर पहिल्या तीन कुप्यांतून खोल मातीचा मोठा भाग आपल्याच हाताने वगळला गेला आहे.

चौरसमीटर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. आखणीचा प्रश्न मात्र त्याहून आधी येतो, म्हणून त्याविषयी लिहितो.

५ सेंटीमीटर व्यासाच्या नळीचे तोंड १९.६ चौरस सेंटीमीटरचे असते, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये अशी सुमारे ५०९ तोंडे बसतात. आपला ६१ चा नमुना चौरस मीटरला सुमारे ३१,००० सांगतो आणि शेजारचा ४ चा नमुना सुमारे २,०००. हे दोन्ही आकडे एकाच जमिनीतले असू शकतात. ओलावा, बुरशीचा एखादा पुंजका, कुजलेली फांदी आणि एकमेकांना जवळ आणणारे रासायनिक संकेत यांमुळे स्प्रिंगटेल घोळक्याने राहतात. अशा वितरणात प्रसरण (नमुन्या-नमुन्यांतील चढउताराचे माप) सरासरीपेक्षा बरेच मोठे येते आणि सहा नमुन्यांची सरासरी एखाद्या घोळक्यावर नळी पडली की नाही यावर हेलकावे खाते. व्यास वाढवण्यापेक्षा लहान नळीचे नमुने अधिक ठिकाणी विखुरणे मला नेहमी फायद्याचे वाटले आहे.

सहाही नमुने वीस पावलांच्या आत असतील, तर ते त्या वीस पावलांविषयी बोलतात. मिश्र वन विरुद्ध सूचिपर्णी लागवड असा दावा करायचा असेल, तर प्रत्येक प्रकारचे अनेक स्वतंत्र खंड हवेत, आणि सांख्यिकीय चाचणीत खंड हेच एकक धरायला हवे. एका खंडातले नमुने साठ केले तरी खंड एकच राहतो. आपल्याकडे दोनच खंड असतील, तर या दोन जागांचे वर्णन म्हणून लेखन करावे. तेही उपयोगाचे काम आहे, फक्त शीर्षक त्याला शोभेल असे असावे.

पालापाचोळ्याची ओंजळ कशाचेच माप नाही. २५ सेंटीमीटर बाजूची चौकट जमिनीवर ठेवून तिच्या कडेने पाला कापावा आणि आतला सगळा थर मातीपर्यंत उचलावा. प्राणी निघून गेल्यावर तोच पाला वाळवून वजन करावे. मूळ माप क्षेत्रफळाचे ठेवले तर पाला आणि माती यांचे आकडे एकाच एककात मांडता येतात, आणि वजनाची नोंद असल्यामुळे जाड थरात प्राणी जास्त असण्याचे कारण केवळ पाला जास्त असणे हेच आहे का, हेही पाहता येते. दोन्ही खंडांतले नमुने एकाच आठवड्यात, शक्यतो पावसानंतर तेवढ्याच दिवसांनी घ्यावेत. ओलाव्यातला फरक वनप्रकाराच्या फरकासारखा दिसू शकतो.

एका मुद्द्यावर माझे मत थोडे वेगळे आहे. नरसाळे कितीही काळजीपूर्वक चालवले तरी पानांवर आणि बुंध्यांवर वावरणारे चपळ स्प्रिंगटेल नळी टेकवतानाच उडून जातात. त्यांच्यासाठी जमिनीत पुरलेले खड्डा-सापळे लावावेत. मात्र सापळ्यात पडलेली संख्या घनतेबरोबरच प्राण्यांच्या वर्दळीवरही अवलंबून असते, म्हणून ती नरसाळ्याच्या संख्येत मिळवू नये. जातींची यादी एकत्र करता येते. आकडे वेगळेच राहतात.

घनता आणि जातिसंख्या यांची गल्लतही टाळावी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,४७० स्थळांच्या जागतिक संकलनात टुंड्रामध्ये चौरस मीटरला २० लाखांपर्यंत घनता नोंदली गेली आहे. त्याच अभ्यासात एखाद्या जागेवरच्या जातिसंख्येवरून तिथल्या घनतेचा अंदाज बांधता येत नाही, असेही दिसले. त्यामुळे जातिसंख्येची तुलना करताना दोन्ही ठिकाणचे प्राणी समान संख्येवर किंवा नमुन्यांच्या समान पूर्णतेवर आणून विरलीकरण वक्र (प्राणी वाढत जातात तशा किती जाती सापडतात याचे आलेख) काढावेत. एकदाच सापडलेल्या जाती किती आहेत तेही लिहावे, कारण न सापडलेल्या जातींचा चाओ अंदाज मुख्यतः एकदा आणि दोनदाच सापडलेल्या जातींच्या संख्येवर बेतलेला असतो.

काचपट्टी

ओळखीविषयी लिहितो. जगभरात स्प्रिंगटेलच्या नऊ हजारांहून अधिक जातींची वर्णने झाली आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांची ओळख भिंगाखाली नव्हे, तर काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पटते.

पहिली चाळणी, म्हणजे चार मोठ्या गटांत विभागणी, मात्र भिंगाखालीच होते. लांबट, आखूड पायांचे, पाठीवर पहिला वक्षखंड स्पष्ट दिसणारे ते पोड्युरोमॉर्फा. लांबट आणि तो खंड पाठीवरून लोपलेला असे ते एन्टोमोब्रायोमॉर्फा. गोलसर अंगाचे आणि लांब शृंगिकांचे (डोक्यावरच्या स्पर्शकांचे) ते सिम्फिप्लिओना. गोलसर, पण शृंगिका डोक्याहूनही आखूड आणि डोळे अजिबात नाहीत, ते नीलिप्लिओना. हे शेवटचे अनेकदा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतात आणि माइटच्या (नमुन्यात सोबत येणाऱ्या, कोळ्यांच्या नात्यातल्या सूक्ष्म प्राण्यांच्या) ढिगात सहज हरवतात, म्हणून माइट बाजूला काढल्यावर तो ढीग एकदा पुन्हा पाहावा.

पुढच्या पायरीचे एक उदाहरण देतो. कुशीवर झोपवलेल्या एन्टोमोब्रायोमॉर्फाच्या उदराचे तिसरे आणि चौथे खंड पाहावेत. चौथा तिसऱ्याच्या कितीतरी पट लांब असेल तर एन्टोमोब्रायिडी कुळ, आणि दोन्ही जवळपास सारखे असतील तर आयसोटोमिडी कुळ. आयसोटोमिडीत उदराचे शेवटचे तीन खंड एकजीव झालेले दिसले, तर फोल्सोमिया वंशाचा विचार करावा. त्यात डोळे नसलेली फोल्सोमिया कँडिडा आहे आणि दोन्ही बाजूंना दोन दोन नेत्रिका (साधे सूक्ष्म डोळे) असलेली फोल्सोमिया क्वाड्रिऑक्युलाटाही आहे. या नेत्रिका मोजायच्या तर प्राणी लॅक्टिक आम्लात मंद उष्णतेवर पारदर्शक करून काचपट्टीवर बसवावा लागतो. डोळ्यांची संख्या, शृंगिकेमागील इंद्रिय, नख्यांचे दात, काट्याच्या टोकाचा आकार आणि रोमांची मांडणी ही सारी लक्षणे तिथेच उलगडतात. रंगावर विसंबू नये. अल्कोहोलमध्ये तो उतरतो, आणि खवलेही गळतात.

तज्ज्ञ नसताना वंशापर्यंत जाऊन पुढे क्रमांक दिलेले रूपगट (केवळ दिसणाऱ्या लक्षणांवरून वेगळे केलेले गट) ठेवणे माझ्या मते पूर्णपणे प्रामाणिक आहे. अट एवढीच, की दोन्ही खंडांची विभागणी एकाच व्यक्तीने करावी, प्रत्येक रूपगटाची किमान एक काचपट्टी जपावी आणि तो कोणत्या लक्षणावर वेगळा केला हे एका ओळीत लिहून ठेवावे. एवढे केलेले काम पुढे कोणीही दुरुस्त करू शकतो. जातीचे नाव अंदाजाने लावले, तर ती चूक यादीतून यादीत फिरत राहते. काही प्राणी ९६ टक्के अल्कोहोलमध्ये थंड जागी वेगळे ठेवावेत. डीएनए काढून झाल्यावरही बाह्यावरण शाबूत राहील अशा पद्धती आता आहेत, म्हणजे तोच प्राणी नंतर काचपट्टीवर बसवता येतो. पॅरिसोटोमा नोटॅबिलिस या सर्वत्र आढळणाऱ्या जातीच्या एकाच रूपाआड अनेक जनुकीय वंशावळी निघाल्या आहेत, त्यामुळे काचपट्टीवरची ओळखही अंतिम समजू नये.

पानथर

सर्वांचा आभारी आहे. ओलसर_कोपरा यांच्या प्रश्नाने घोळ उघड झाला. त्या दिवशी मी सूचिपर्णी लागवडीत सकाळी आधी गेलो होतो. ते नमुने बंद डब्यांत, गाडीच्या मागच्या भागात संध्याकाळपर्यंत पडून होते, आणि मिश्र वनातले नमुने मात्र खणल्यानंतर दोन तासांत जाळीवर गेले. ज्याला मी वनांमधला फरक समजत होतो, त्यात गाडीतल्या उन्हाचा वाटा किती हे आता वेगळे काढता येणार नाही. ती फेरी मी रद्द केली आहे.

दरम्यान मिश्र वनातून शेजारी शेजारी दोन ठोकळे काढून पाहिले. एक मोकळा करून पूर्वीसारखा तापवला, दुसरा अखंड, उलटा ठेवून सावकाश तापवला. मोकळ्या केलेल्या मातीतून दुसऱ्या दिवसानंतर काहीच उतरले नाही. अखंड ठोकळ्याची कुपी मी रोज बदलत होतो. पहिल्या दोन दिवसांत करड्या रंगाचे, काटा असलेले प्राणी आले आणि पाचव्या दिवसापासून ते पांढरे, आंधळे येऊ लागले. दोनच ठोकळे असल्याने यावरून निष्कर्ष काढत नाही, पण दिवे आता नऊ दिवसांच्या आत बंद करणार नाही.

एक शंका उरली आहे. निम्म्याच्या आसपास प्राणी पिल्ले आहेत आणि त्यांच्यात लक्षणे पूर्ण दिसत नाहीत. त्यांचे काय करावे?

काचपट्टी

घनतेत त्यांना मोजावे, कारण ती मातीत होतीच. जातिसंख्येत मात्र एखाद्या वंशाचे प्रौढ त्या खंडात सापडले असतील, तर त्याच वंशाची पिल्ले वेगळा गट म्हणून धरू नयेत. प्रौढ अजिबात नसतील तेव्हाच तो वंश एक गट म्हणून घ्यावा. पिल्लांची संख्या तक्त्यात वेगळ्या रकान्यात द्यावी आणि कुप्या टाकून देऊ नयेत. या वेळी तरंगणारेही त्यात असतील, हे पाहावे.