ट्यून टाकल्यापासून एफ-१५० चा गिअरबॉक्स ठोके मारतोय, परत रीसेट मारू का?

फ्रिस्कोचा_मालवणी

मंडळी नमस्कार. गाडी २०१८ ची फोर्ड एफ-१५० पिकअप, ३.५ इकोबूस्ट (टर्बोवालं पेट्रोल इंजिन), १० गिअरचा ऑटोमॅटिक, ७१ हजार मैल झालेत आणि आजवर काही कुरकुर नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी ट्यून टाकली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कंप्युटरचा प्रोग्रॅम बदलला, ९३ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठीचा, ती मेलवर फाइल येते आणि हातातल्या डब्यातून गाडीत भरायची तसली. ट्यूनरने स्पष्ट सांगितलेलं की फाइल भरून झाली की गिअरबॉक्सने आजवर शिकलेलं सगळं पुसून टाक आणि मग शे-दोनशे मैल शहाण्यासारखी चालव. पुसायचं काम केलं. शहाणपणाचं राहिलं, कारण त्याच दुपारी बोट मागे अडकवून टेक्सोमा तलावाला गेलो, पोरांना आधीच कबूल केलं होतं. टो-हॉल मोड (ओझं ओढायचा) चालू, बाहेर पारा शंभर फॅरनहाइटच्या वर, आणि नवीन ताकद आलीय म्हटल्यावर आपला पाय काय गप्प बसतोय होय.

आता काय होतं ते सांगतो. एक म्हणजे लांबून लाल सिग्नल दिसला, पाय काढला, गाडी आपली रांगत चाललीय आणि २० मैलांच्या खाली आली की खालचा गिअर पडताना मागून कोणीतरी ढुशी मारल्यासारखा ठोका बसतो. बायको म्हणते गाडी चालवतोयस की मसाला कांडतोयस. कपहोल्डरमधला चहा रोज त्याच सिग्नलला सांडतो, झाकण लावलेलं असूनसुद्धा. दुसरं म्हणजे टोलवेवर चढताना अर्धा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ४ वरून ५ ला जाताना काटा तीन-चारशे आरपीएम उगाच वर उडतो आणि मग गिअर पकडतो. हे गाडी चांगली तापल्यावरच होतं, सकाळी नाही.

दोन वेळा परत रीसेट मारून बघितला. पहिले दोन दिवस बरं वाटतं मग ये रे माझ्या मागल्या. तर आता तिसऱ्यांदा मारू का, का स्टॉक फाइल (कंपनीची मूळची) परत टाकू, का गिअरबॉक्स गेला समजू? शिकायला याला लागतात तरी किती मैल?

मिशिगनकर

पोटापाण्यासाठी हेच करतो, गिअरबॉक्सचं कॅलिब्रेशन, कुठे करतो ते विचारू नका. आधी एक काम करा, रीसेट मारणं थांबवा. दर वेळी पोराची पाटी पुसायची आणि वर विचारायचं की अजून बाराखडी का येत नाही, असं चाललंय तुमचं.

तुमच्या १०आर८० मध्ये, म्हणजे या १० गिअरच्या गिअरबॉक्समध्ये, चार प्लॅनेटरी सेट (दातेरी चाकांचे संच) आणि सहा क्लच आहेत, कुठल्याही गिअरमध्ये त्यातले चार धरलेले आणि दोन सुटे. शेजारच्या गिअरला जायचं म्हणजे एक क्लच सोडायचा आणि त्याच क्षणी दुसरा धरायचा. आता धरायचा क्लच आधी रिकामा असतो, त्याच्या पिस्टनमागे तेल भरावं लागतं, मग तो प्लेटांना जेमतेम टेकतो आणि मग खरा जोर लागतो. आपल्याकडे सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा आधी पाइपातली हवा फुसफुसत सुटते आणि मग धार लागते ना, तसं. ही हवा सुटायला किती वेळ लागतो हे प्रत्येक गिअरबॉक्समध्ये आणि प्रत्येक क्लचला वेगळं, कारण प्लेटांची झीज, सोलेनॉइड (तेल सोडणारे विजेचे व्हॉल्व्ह), सगळ्यातच उन्नीस-बीस असतं. कंप्युटर हा अंदाज आधी कंपनीच्या आकड्यांवरून बांधतो आणि मग प्रत्येक शिफ्टला स्पीड सेन्सर बघून दुरुस्त करत जातो. तेल भरायला उशीर झाला की काटा वर उडतो, घाईने जास्त भरलं की दोन्ही क्लच क्षणभर एकदमच धरले जातात आणि ठोका बसतो. अ‍ॅडॅप्टेशन म्हणतात ते एवढंच, याच्यात जादू काही नाही.

पण तो शिकतो कधी, तर तेल नीट गरम, पाय एका जागी स्थिर आणि शिफ्ट साधी सरळ असेल तेव्हा. मध्येच पाय काढला, परत दाबला, तर ती शिफ्ट तो हिशोबातच धरत नाही. तुम्ही कोरी पाटी घेऊन मागे बोट लावून उन्हात निघालात, त्याला जे काय थोडं शिकता आलं ते सगळं जड ओझ्याचं आणि उकळत्या तेलाचं. सिग्नलपाशी रांगताना काय करायचं हे त्याला कोणी शिकवलंच नाही. तुमचा पहिला ठोका बहुतेक हाच, आणि तो जाईल.

दुसऱ्या लक्षणाची मला जास्त काळजी वाटते. गिअरबॉक्सला इंजिनाचा टॉर्क (फिरवायचा जोर) मोजता येत नाही. इंजिनाची बाजू हवा, बूस्ट (टर्बोचा दाब), स्पार्क यावरून हिशोब करते आणि सांगते की आत्ता एवढा टॉर्क येतोय, त्यावर गिअरबॉक्स ठरवतो की क्लच किती दाबून धरायचा. ट्यूनमध्ये बूस्ट वाढवला पण टॉर्कचा हिशोब नीट जुळवला नाही, तर खरं इंजिन देतंय जास्त आणि सांगतंय कमी. लग्नात ५०० पानं उठणार आहेत आणि आचाऱ्याला सांगितली ३५०, मग शेवटच्या पंगतीला काय होणार? क्लच घसरणार. हे अ‍ॅडॅप्टेशनने सुटत नाही. उलट तो बिचारा खोट्या आकड्यावर दुरुस्त्या करत बसतो आणि एका ठिकाणी काटा आवरायला दाब वाढवला की तोच क्लच दुसऱ्या कुठल्यातरी शिफ्टला ठोका मारायला लागतो. दोन दिवसांनी ये रे माझ्या मागल्या होतं ते यामुळेच असण्याची शक्यता दाट आहे.

तेव्हा टोलवेवरच्या त्या शिफ्टचा डेटालॉग काढा, म्हणजे गाडी चालताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद. तेलाचं तापमान, सांगितलेला टॉर्क, बूस्ट, टर्बाइनचा (गिअरबॉक्समध्ये शिरणारा) स्पीड, सांगितलेला गिअर, एवढं तरी त्यात हवं. तो ट्यूनरला पाठवा. आणि तोवर अर्ध्याच्या वर पाय नको, बोट तर नकोच नको. घसरणारा क्लच प्रत्येक वेळी थोडा थोडा जळतो.

हायवे_राजा

अहो एवढं काय त्यात, मी माझ्या पिकअपला ट्यून टाकल्यावर रीसेट केला आणि लगेच चार-पाच वेळा फुल्ल थ्रॉटल दिला, एकदम मख्खन शिफ्ट. गाडीला पहिल्या दिवसापासून दाखवायचं मालक कोण आहे ते. हळू चालवाल तर ती पण आळशी होईल.

मिशिगनकर

@हायवे_राजा तुमची ट्यून बरोबर होती आणि गिअरबॉक्स धडधाकट होता म्हणून निभावलं. फुल्ल थ्रॉटलला शिफ्ट मख्खन लागते कारण तिथे दाबच एवढा असतो की चुका झाकल्या जातात. रोजच्या ट्रॅफिकमध्ये जी शिफ्ट लागते ती त्यातून तो शिकला नाही. आणि गाडी आळशी होते वगैरे काही नसतं, पाय हलका असेल तसं कंप्युटर शिफ्ट लवकर टाकतो, पाय जड झाला की परत उशिरा टाकेल.

कॅटीची_काकू

आमच्याकडे पण १० गिअरवालीच आहे, ५.० व्ही८. ट्यून नाही, पण मागच्या वर्षी गिअरबॉक्स उघडावा लागला होता आणि त्यानंतर शिकवायचं काम माझ्याकडे आलं कारण ह्यांना धीर नाही. काय केलं ते सांगते, घाईत करायचं काम नाही हे.

रविवारी पहाटे निघायचं, रस्ता असा हवा की दर अर्ध्या-पाऊण मैलावर थांबता येईल आणि मागे कोणी हॉर्न मारणार नाही. आधी वीसेक मिनिटं नुसती चालवायची, डॅशबोर्डवर ट्रान्समिशनचं तापमान दिसतं ते १८० फॅरनहाइटच्या वर जाऊ द्यायचं, इंजिन गरम झालं म्हणजे गिअरबॉक्स गरम झाला असं नसतं, तो मागाहून तापतो. मग सपाट जागी थांबून ब्रेकवर घट्ट पाय ठेवून न्यूट्रल, ड्राइव्ह, परत न्यूट्रल, रिव्हर्स, प्रत्येक ठिकाणी पाच सेकंद थांबत तीन-चार वेळा करायचं. त्यानंतर खरं काम, नॉर्मल मोडमध्ये अगदी हलका पाय, इतका हलका की पायाखाली अंडं ठेवलंय, आणि तो पाय न हलवता ५० पर्यंत न्यायची, मग पाय काढून गाडी आपसूक उतरू द्यायची, ब्रेक शेवटी शेवटी आणि अगदी हळू, आणि पूर्ण थांबायची. थांबल्यावर पाच-सात सेकंद तशीच. असं दहा वेळा. मग थोडा जास्त पाय, पाव अ‍ॅक्सिलरेटर म्हणा, आणि परत तेच दहा वेळा. क्रूझ लावायचा नाही, स्पोर्ट नाही, टो-हॉल नाही.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या इतक्या वाईट गेल्या की मी परत फिरणार होते. सहाव्या फेरीला उतरतानाचा ठोका नुसता ढकलल्यासारखा झाला आणि नवव्या फेरीला मला कळलंच नाही तीनचा दोन कधी झाला. मग आठवडाभर शाळा, किराणा, ऑफिस, जी होईल ती साधी चालवली आणि थंडपणी थोडी धसमुसळी होती ती पण गेली. वरचे गिअर हायवेशिवाय शिकत नाहीत, तेव्हा ४५ ते ७० च्या मध्ये हळूहळू वर-खाली करत एक लांबची चक्कर पण मारा.

आणि हो, तेल बघितलंत का? आपल्या गाडीत डिपस्टिक आहे पण बॉनेटखाली नाही, खाली गिअरबॉक्सच्याच अंगाला आहे आणि तेल तापल्यावरच मोजायचं, एक्झॉस्टच्या शेजारी हात भाजतो म्हणून बहुतेक जण बघतच नाहीत. तेल मर्कॉन यूएलव्हीच लागतं, दुसरं मर्कॉन म्हणून काहीही ओतू नका.

भोसरी_एक्सप्रेस

मी पुण्याहून, आमच्याकडे एफ-१५० नाही पण रडगाणं तेच. माझी फॉर्च्युनर २.८ ऑटोमॅटिक, जुनी ४५० न्यूटनमीटरवाली. नवीन २०२१ ची ५०० ची आली तेव्हा जिवाला लागलं आणि मी बाहेरून ट्यूनिंग बॉक्स लावला, रेल प्रेशर (डिझेलच्या पाइपातला दाब) सेन्सरच्या वायरमध्ये अडकवतात तो. पंधरा दिवस मजा आली. मग खंबाटकी चढताना ३ वरून ४ ला काटा उडायला लागला. गॅरेजमधल्या पोराने दोनदा रीसेट मारला, दोनदा पैसे घेतले, फरक शून्य.

शेवटी एका जुन्या मिस्त्रीने सांगितलं ते वर मिशिगनकर म्हणतायत तेच. बॉक्स काय करतो, कंप्युटरला रेल प्रेशर आहे त्याच्यापेक्षा कमी दाखवतो, कंप्युटर बिचारा प्रेशर वाढवतो, डिझेल जास्त जातं, पण त्याच्या वहीत टॉर्क जुनाच. मग गिअरबॉक्स पण जुन्याच हिशोबाने क्लच धरणार. मिस्त्रीचे शब्द, साहेब, तुम्ही इंजिनाला खाऊ घातलं पण गिअरबॉक्सला सांगितलंच नाही. बॉक्स काढला, तेल बदललं तर काळपट आणि जळका वास, नशीब प्लेटा वाचल्या. रीमॅप (ट्यून) करायचाच तर असा करा की ज्यात टॉर्कचे आकडे पण बदललेत, नाहीतर स्टॉक बरी.

दादरचा_पाहुणा

मध्येच विचारतो, वॉरंटीचं काय? आणि आम्ही कॅलिफोर्नियात आहोत, इथे चालतं का हे?

मिशिगनकर

@दादरचा_पाहुणा पॉवरट्रेनची वॉरंटी ५ वर्षं किंवा ६० हजार मैल, मालवणींची दोन्हीकडून संपलीय. तुमची चालू असेल तर फ्लॅश केल्याची (फाइल भरल्याची) खूण गाडीत राहते, स्टॉक फाइल परत टाकली तरी, त्यामुळे लपवता येईल असं धरून चालू नका. कॅलिफोर्नियात ज्या ट्यूनला कार्बचा (तिथलं हवा-प्रदूषण खातं) ईओ म्हणजे मंजुरीचा नंबर आहे तीच चालते. आणि तिकडे पंपावर ९१ मिळतं, ९३ ची फाइल टाकू नका, इंजिन खडखडेल, स्पार्क मागे जाईल आणि टॉर्कचा हिशोब परत बिघडेल.

मालवणी, एक राहिलं. २०१७ पासूनच्या सुरुवातीच्या १०आर८० मध्ये सीडीएफ ड्रमचं (क्लच बसवलेला ड्रम) बुशिंग, म्हणजे आतली कडी, जागेवरून सरकल्याची तक्रार बऱ्याच जणांची आहे. ते झालं असेल तर तेलाचा दाब आतच गळतो आणि काकूंनी सांगितलेल्या शंभर फेऱ्या मारल्या तरी फरक पडत नाही. स्टॉक फाइल टाकून, नीट शिकवूनही काटा उडत असेल तर ट्यूनच्या मागे लागू नका, गिअरबॉक्सवाल्याकडे जा.

फ्रिस्कोचा_मालवणी

उशिरा लिहितोय, माफी असावी. सगळ्यांचं ऐकलं, हायवे_राजांचं सोडून.

आधी तेल बघितलं, खाली झोपून, हात भाजलाच. लेव्हल बरोबर, रंग ठीक, वास नाही. मग डेटालॉग. ट्यूनरने तो बघितला आणि अर्ध्या तासात फोन, म्हणे मधल्या लोडला बूस्ट मी वाढवलाय पण टॉर्कच्या टेबलात तेवढ्या पट्ट्यात जुनेच आकडे राहिलेत. चूक कबूल केली, भांडायची तयारी करून बसलो होतो ते वाया गेलं. दुसऱ्या दिवशी नवीन फाइल, पुसायचं एकदाच, आणि या वेळी बोट गॅरेजमध्ये कुलूप लावून.

रविवारी सकाळी साडेपाचला प्रेस्टन रोडवर काकूंची पद्धत. दहा अधिक दहा फेऱ्या, एकदा पोलिसाने बाजूला घेऊन विचारलं सगळं ठीक आहे ना, त्याला काय समजावणार. टोलवेवर आता काटा उडत नाही, तापल्यावर चार-पाच वेळा मुद्दाम बघितलं. सिग्नलचा ठोका जवळजवळ गेला, अगदी थंड गाडी असेल तर गल्लीच्या तोंडाशी एकदा हलकासा जाणवतो. नवीन फाइलवर २६० मैल झालेत. चहा काल सांडला नाही, आज सांडला, पण आज मी झाकणच लावलं नव्हतं.

बोट पुढच्या शनिवारी काढू का अजून थांबू?

कॅटीची_काकू

थांबा हो. पोरांना स्विमिंग पूलला न्या.