सेन्सेई गेल्यावर ज्युदो क्लब माझ्यावर आलाय, कसा सांभाळू?

संध्याकाळची_बॅच:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचा एक छोटा ज्युदो क्लब आहे. आठवड्यातून ३ संध्याकाळी, भाड्याचा हॉल, पगार कोणीच घेत नाही. सुरू केला आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे गुरूंनी, मी त्यांच्याकडे ११ वर्षं शिकलो. गेल्या वर्षी ते मुलीकडे राहायला गेले आणि जाताना हॉलची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी शोदान आहे, म्हणजे ब्लॅक बेल्टची पहिली पायरी. शिकवायला मनापासून आवडतं, पण किल्लीबरोबर काय काय येतं ते तेव्हा कळलं नव्हतं. हॉलवाल्यांशी बोलणं, फी गोळा करणं, दर वेळी मॅट अंथरणं आणि परत रचून ठेवणं, पालकांचे फोन, ग्रुपवरचे मेसेज, सगळं मीच करतोय आणि नोकरी आहेच.

पण लिहायचं खरं कारण वेगळं आहे. दीड महिन्यापूर्वी एक नवीन मुलगा आला, १९ वर्षांचा, अंगाने बारीक, एकदम उत्साही. चौथ्याच क्लासला मी त्याला रांदोरीत, म्हणजे मोकळ्या सराव-लढतीत, उतरू दिलं, कारण त्या दिवशी माणसं कमी होती आणि त्याला बाजूला बसवून ठेवणं बरं वाटेना. आमच्या एका सीनियरने त्याला ओसोतोगारी मारली (पाय मागून काढून मागे पाडायचा थ्रो), जोरात आणि मुलाची मान मागे गेली, डोकं मॅटवर आपटलं. तो आवाज अजून कानात आहे. उठून बसला, हसला, म्हणाला काही नाही झालं, पण पाच मिनिटांनी मला विचारतो आज वार कोणता. लगेच डॉक्टरकडे नेलं. मेंदूला धक्का बसलाय, विश्रांती घ्या म्हणाले. आता तो ठीक आहे, पण परत आला नाही आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही आलो नसतो.

सीनियरशी बोललो तर तो म्हणतो ज्युदो आहे, पडणारच. त्याचं मन दुखवायचं नाहीये, जुना माणूस आहे, मॅट उचलायला सगळ्यात आधी येतो. पण गेल्या वर्षभरात नाव घातलेल्या ३० जणांपैकी नियमित येणारे १२ राहिलेत आणि बाकीचे बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच गेले. दुसरीकडे पालक विचारतात पुढचा बेल्ट कधी. माझं कुठे चुकतंय, जाणकारांनी स्पष्ट सांगा. क्लब बंद पडू द्यायचा नाहीये मला.

जुना_उकेमी:

आधी एक सांगतो, त्या मुलाला लगेच डॉक्टरकडे नेलंत हे फार बरोबर केलंत. बरेच जण पाणी पाजून परत मॅटवर पाठवतात. मेंदूला धक्का बसलेला माणूस त्याच दिवशी पुन्हा खेळत नाही, त्याने कितीही म्हटलं तरी नाही, हा नियम हॉलच्या भिंतीवर लिहून लावा. नंतरही एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू चालणं, हलका व्यायाम, प्रत्येक पायरीला निदान एक दिवस, डोकं दुखलं की एक पायरी मागे आणि फेकाफेकी डॉक्टरने होकार दिल्यावरच. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं. उलटी होतेय, झोप अनावर होतेय, डोकं वाढत वाढत दुखतंय, असं दिसलं तर थेट हॉस्पिटल, वाट बघायची नाही.

आता ओसोतोगारी. जपानमध्ये २०१२ पासून माध्यमिक शाळेत पीटीच्या तासाला बुडो, म्हणजे जपानी युद्धकला, सक्तीचं झालं, तेव्हा ज्युदोतल्या डोक्याच्या दुखापतींची तिथे फार चर्चा झाली होती आणि त्या अपघातांत हा थ्रो वारंवार दिसत होता. कारण सरळ आहे. माणूस सरळ मागे जातो, पाय खालून निघून जातो, मागचं काही दिसत नाही आणि सगळं वजन पाठीवर नि डोक्यावर येतं. आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते, डोकं आपटायलाच हवं असंही नाही. मानेला जोरात हिसका बसला की मेंदू कवटीच्या आत हलतो, मेंदूवरून कवटीकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात आणि तुटल्या तर आत रक्त साठतं. म्हणून मान सांभाळणं हे पडण्यातलं पहिलं काम, हात आपटणं दुसरं.

माझ्याकडे नवीन माणूस पहिल्या दिवसापासून फक्त पडतो. आधी पाठीवर झोपून हनुवटी छातीला लावायची आणि स्वतःच्या बेल्टच्या गाठीकडे बघायचं, नजर गाठीवर असली की डोकं मागे जातच नाही. मग उकिडवं बसून मागे लोळायचं, मग अर्धं वाकून, मग उभ्याने. हात अंगापासून थोडे दूर, साधारण ३० ते ४५ अंशांवर आणि तळवा नि पुढचा हात एकदम आपटला पाहिजे, कोपर नाही. हे रोज २० मिनिटं, कंटाळा आला तरी. मग कोणीतरी हळू फेकणार, तेही दोन्ही हातांनी धरून. रांदोरी तिसऱ्या महिन्याच्या आधी नाही आणि सुरुवातीला जमिनीवरची कुस्ती खेळवा, त्यात उंचावरून पडणंच नसतं.

सीनियरचा प्रश्न वेगळा आहे. त्याला एक साधा नियम द्या, नवख्याला फेकलं की त्याच्या बाहीवरची पकड शेवटपर्यंत सोडायची नाही आणि पडताना ती वर ओढायची. बाही वर ओढली की समोरचा कुशीवर पडतो, डोकं वर राहतं. फेकणाऱ्याची जबाबदारी थ्रो संपला की संपत नाही, समोरचा उठेपर्यंत असते. ज्युदो सुरू करणाऱ्या कानो सेन्सेईंनी 'जिता क्योएई' म्हटलं ते हेच, आपलं भलं नि समोरच्याचंही. हे जपानी शब्द भिंतीवर असतातच, ते बाहीवरच्या पकडीत दिसायला हवेत. म्हणा, तुझी ओसोतोगारी चांगली आहे, आता नवख्याला लागू न देता मारून दाखव. चांगल्या खेळाडूला ते आव्हान आवडतं.

आणि मॅट बघा. दोन मॅटच्या मधे फट पडतेय का? खालून घसरतात का? ज्युदोला चांगल्या घट्ट ४ सेंटीमीटरच्या मॅट लागतात, २ सेंटीमीटरच्या फोमच्या कोडे-मॅटवर कराते चालेल, फेकाफेकी नाही.

आयकी_सायली:

जुना_उकेमी यांनी मॅटवरचं सगळं सांगितलंय, मी मॅटबाहेरचं सांगते, कारण आमचा आयकिदो क्लब दोनदा बंद पडता पडता वाचलाय आणि दोन्ही वेळा कारण तंत्राचं नव्हतं, एकाच माणसावर सगळा भार होता हे होतं.

दादा, ती किल्ली तुमच्या एकट्याच्या खिशात आहे ना, तिथून सुरुवात करा. आमच्याकडे किल्ल्या तीन जणांकडे असतात आणि तिघांपैकी निदान एक जण येणार हे आदल्या दिवशी ग्रुपवर ठरतं. हिशोब वेगळ्याच माणसाकडे, शिकवणाऱ्याकडे नाही आणि महिन्याच्या शेवटी जमा-खर्च सगळ्यांना दिसतो, हॉलचं भाडं किती, नवीन मॅटसाठी किती बाजूला पडले, सगळं. पैसे दिसले की कुजबुज होत नाही आणि लोक आपणहून मदतीला येतात. तुमच्या त्या सीनियरला मॅटचा प्रमुख करा ना, मनापासून सांगतेय. फट, घसरण, फाटलेलं कव्हर, निर्जंतुक पुसणं, हे सगळं त्याचं खातं. जो मॅट अंथरतो त्याला कोण त्यावर कसं पडतंय ते दिसायला लागतं.

एक वही ठेवा, अपघाताची. तारीख, वेळ, कोण, काय झालं, काय केलं, कोणाला कळवलं. लहानसं असलं तरी. सहा महिन्यांनी वाचलं की दिसतं, बहुतेक दुखापती क्लासच्या शेवटच्या २० मिनिटांत, सगळे दमलेले असताना होतात. आम्हाला तसं दिसलं आणि आम्ही शेवटची वेळ शांत सरावाला दिली.

मुलांची बॅच असेल तर दोन मोठी माणसं हजर असल्याशिवाय क्लास सुरू करू नका आणि पालकांना कधीही येऊन बसू द्या, दार उघडं. इन्शुरन्स आणि घरचे फोन नंबर फॉर्मवर हवेतच. आणि त्वचा! गजकर्ण एकाला झालं की पंधरा दिवसांत सगळ्यांना. नखं कापलेली, गी (सरावाचा पोशाख) दर वेळी धुतलेली, मॅटबाहेर चप्पल घालूनच जायचं आणि अंगावर गोल लालसर चट्टा असेल तर बरा होईपर्यंत सुट्टी, यात लाज नाही. क्लासनंतर सगळ्यांनी मिळून फरशी पुसायची, जपानी डोजोत, म्हणजे सरावाच्या हॉलमध्ये, त्याला सोजी म्हणतात, सेन्सेईंपासून पांढऱ्या पट्ट्यापर्यंत सगळे. आमच्याकडे नवीन लोक याच वेळी पहिल्यांदा मोकळे बोलतात, हातात फडकं असलं की बोलायला सोपं जातं.

शोतोकान_वाटसरू:

बेल्टबद्दल थोडं. माझी शैली कराते आहे, पण गोष्ट तुमच्याच घरातून आलीय. १८८२ मध्ये कानो यांनी टोकियोच्या एइशोजी देवळात १२ तातामींवर (जपानी गवती चटया) ९ विद्यार्थ्यांना घेऊन सुरुवात केली, पुढच्या वर्षी साइगो आणि तोमिता या दोघांना पहिली दान श्रेणी, म्हणजे तुमची शोदान, दिली. मग करातेचे गुरू फुनाकोशी यांनी ती पद्धत करातेत घेतली, १९२४ मध्ये पहिल्या दान दिल्या. म्हणजे श्रेणी ही शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याला दाखवलेली वाटेवरची खूण होती. इतके सगळे रंग नंतर आले, युरोपात ज्युदो पसरला तेव्हा रुजले, कारण तिथल्या लोकांना मधले टप्पे दिसायला हवे होते.

म्हणून पालकांवर रागावू नका. त्यांना प्रगती बघायचीय आणि बेल्टशिवाय त्यांना दुसरं काही दिसत नाहीये. मी वर्षातून दोनदा पालकांना बोलावून मुलांना पडताना दाखवतो, सहा महिन्यांपूर्वी घाबरत घाबरत लोळणारी मुलगी आज कशी पडतेय ते. त्या दिवसापासून बेल्ट कधी हा प्रश्न निम्म्याने कमी झाला. परीक्षेची तारीख मात्र आधी जाहीर करा आणि काय काय यायला हवं ते लिहून द्या. गुपित ठेवलं की लोक फी भरून बेल्ट मिळतो असं समजतात. कच्च्या माणसाला बेल्ट दिला तर त्याचा भार पुढच्या जोडीदाराच्या मानेवर येतो, इथे अजिबात ढिलाई नको.

माणसं कमी आहेत म्हणून खचूही नका. लंडनचा बुडोक्वाई १९१८ मध्ये सुरू झाला तो एका क्लबएवढाच होता, आज युरोपातल्या सगळ्यात जुन्या ज्युदो क्लबांत त्याचं नाव घेतात. १२ माणसं नियमित येतात म्हणजे ६ जोड्या झाल्या, छोट्या हॉलमध्ये एका वेळी तेवढ्या जोड्यांना मोकळी जागा देणंच अवघड. तुमची संख्या मला अपयश वाटतच नाही.

नवशिका२:

मी शिकवणारा नाही, मी गेलेल्यांपैकी आहे, म्हणून लिहितोय. एका क्लबमध्ये दोन महिने जात होतो. सहावा-सातवा क्लास होऊनही कोणाला माझं नाव माहीत नव्हतं, सगळे 'ए पांढरा' म्हणायचे. दर वेळी जोडी शोधा म्हटलं की मी एकटा उरायचो आणि मग सर दुसऱ्या जोडीत तिसरा म्हणून टाकायचे. बेल्ट नीट बांधता येत नव्हता, दर दोन मिनिटांनी सुटायचा, विचारायची लाज वाटायची. एक दिवस गेलो नाही, कोणी फोन केला नाही, मग जाणंच थांबलं.

आता दुसरीकडे जातो. पहिल्या दिवशी एका काकूंनी माझ्यासमोर गुडघ्यावर बसून बेल्ट बांधून दिला, मग सोडला आणि म्हणाल्या आता तू बांध, तीनदा बांधायला लावला. दीड वर्ष झालं, अजून जातोय. एवढंच सांगायचं होतं.

संध्याकाळची_बॅच:

सगळ्यांचे मनापासून आभार. नवशिका२, तुमचं वाचून त्या मुलाला फोन केला, दीड महिन्यात मी केलाच नव्हता, लाजेने. पाऊण तास बोललो. डोकं आता दुखत नाही म्हणाला. मी माफी मागितली, चौथ्या क्लासला रांदोरीत उतरवणं माझी चूक होती हे स्पष्ट सांगितलं. परत ये असं म्हटलं नाही, फक्त आमचं आता असं असं ठरलंय एवढं सांगितलं.

सायलीताई, किल्ल्या तीन झाल्या. हिशोब एका मुलीच्या आईने घेतला, बँकेत काम करतात, त्यांनी स्वतःहून विचारलं.

सीनियरशी बोललो. ओसोतोगारीचं आव्हान दिलं तेव्हा आधी गप्प बसला. मंगळवारी नवीन तिघे होते, तो त्यांच्याबरोबर अख्खा क्लास फक्त मागे पडत राहिला, ४८ वर्षांचा माणूस. मग त्यातल्या एकाला अगदी हळू फेकलं. बाही धरून ठेवली होती, इतकी घट्ट की त्या मुलाच्या गीची शिवण उसवली. डोकं मॅटला लागलंच नाही. खाली बघून त्याला विचारलं, 'गाठ दिसली का रे?' मुलगा म्हणाला दिसली.

मॅटमधली फटही त्यानेच दाखवली, कडेच्या दोन ओळींत. आता खाली न घसरणारं रबर लावायचंय, कोणी वापरलं असेल तर कुठल्या जाडीचं घेऊ ते सांगा.