सल्ला हवा: पुण्याला आणण्यासाठी कोणती बारोलो घ्यावी आणि कोणत्या कुटुंबाची वाइनरी पाहावी?

वाटसरू_पुणे

नमस्कार मंडळी. येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघे मुलीकडे इटलीतील तुरिनला जाणार आहोत आणि तिथून लांगेच्या टेकड्या जवळ असल्यामुळे एक दिवस बारोलो ही लाल वाईन जिथे बनते त्या परिसरात घालवावा, असा बेत आहे. माझी वाईनची ओळख नाशिकच्या चार-दोन वाइनरींपलीकडे गेलेली नाही, त्यामुळे नेटवरची गुणांकने आणि ‘वाईनचा राजा’ छापाची वर्णने वाचून गोंधळच अधिक होतो. मला दोन गोष्टींबद्दल सल्ला हवा आहे. पहिली म्हणजे मोठ्या कंपनीऐवजी एखादे कुटुंब स्वतः चालवत असलेली वाइनरी पाहायची असेल, तर कुठे जावे? दुसरी म्हणजे पुण्याला दोन बाटल्या आणायच्या आहेत, त्यांपैकी एक येत्या दिवाळीनंतर उघडायची आहे आणि दुसरी आठ-दहा वर्षे ठेवून द्यायची आहे. बाटलीमागे 50 युरोंपर्यंत खर्च करण्याची तयारी असेल तर काय घ्यावे?

तुरिनकर

आपले दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण इथे कुटुंब निवडणे म्हणजे बऱ्याच अंशी डोंगराचा उतार निवडणे असते. बारोलो हे नाव आल्बा शहराच्या नैर्ऋत्येकडील 11 गावांनाच लावता येते, द्राक्ष निव्वळ नेब्बिओलोच असावे लागते, आणि काढणीनंतर किमान 38 महिने, त्यांपैकी 18 महिने लाकडी पिंपात, मुरल्याखेरीज वाईन विक्रीला काढता येत नाही. ‘रिझेर्वा’ म्हणायचे असेल तर हीच मुदत 62 महिन्यांची होते. नियम सर्वांना सारखेच असूनही दोन शेजारी गावांच्या वाईनमध्ये ठळक फरक पडतो आणि त्यामागे मुख्यतः माती आहे. पश्चिमेकडील ला मोर्रा आणि बारोलो या गावांत निळसर करड्या चुनखडीयुक्त चिकणमातीचे थर आहेत, ते भूशास्त्राच्या हिशेबाने अलीकडचे असून तिथली वाईन अधिक सुवासिक असते व तुलनेने लवकर मवाळ होते. पूर्वेकडील सेर्रालुंगा आणि मोन्फोर्ते इथले थर त्याहून जुने, कठीण आणि वालुकाश्म मिसळलेले आहेत, त्यामुळे तिथली वाईन तरुणपणी फारच करारी लागते.

आता कुटुंबाविषयी. माझी पहिली शिफारस जी. डी. वायरा यांची. त्यांचे घर आणि तळघर वेर्ने या बारोलो गावच्याच वाडीत, सुमारे 400 मीटर उंचीवर आहे. तुरिनमध्ये 1968 साली विद्यार्थ्यांची आंदोलने पेटली, तेव्हा वडिलांनी किशोरवयीन आल्दो वायराला शहरापासून लांब आजोबांच्या शेतावर धाडले आणि शेतीने त्याला जे धरले ते कायमचे. पुढे 1972 मध्ये त्याने वडिलांच्या नावाने ही वाइनरी सुरू केली. आता पत्नी मिलेना आणि जुझेप्पे, फ्रांचेस्का, इझिदोरो ही मुले असे सारे घर त्यात आहे. त्यांची ‘आल्बे’ ही बारोलो वेर्नेभोवतीच्या तीन उंच बागांतील द्राक्षांपासून बनते, मोठ्या पिंपांत मुरते आणि तुमच्या अंदाजपत्रकात बसते. नव्याने बारोलो पिणाऱ्याला याहून चांगली सुरुवात मला तरी ठाऊक नाही. त्यांचीच ‘ब्रिक्को देल्ले व्हिओले’ ही एकाच बागेतील वाईन अधिक खोल आहे, पण ती महाग आहे आणि तिला वेळ द्यावा लागतो.

दुसरे नाव बार्तोलो मास्कारेल्लो यांचे, पण ते केवळ इतिहास कळावा म्हणून सांगतो, कारण तिथल्या बाटलीची किंमत बाजारात शेकडो युरोंवर गेली आहे. 1980 च्या दशकात इथे दोन तट पडले. एका बाजूला एलिओ आल्तारे यांच्यासारखे तरुण होते, ज्यांनी 225 लिटरची फ्रेंच ओकची नवी पिंपे आणली आणि द्राक्षांच्या साली रसात ठेवण्याचा काळ आठवड्यांवरून दिवसांवर आणला, म्हणजे वाईन लवकर पिण्याजोगी व्हावी. आल्तारे यांनी तर वडिलांची जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापून काढली आणि वडिलांनी त्यांना वारशातून बाद केले. दुसऱ्या बाजूला बारोलो गावातले बार्तोलो मास्कारेल्लो होते. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे जुलिओ यांनी, ही वाइनरी 1918 मध्ये उभारली. आसपासचे सगळे जण एकेका बागेचे नाव लेबलवर मिरवू लागले तरी बार्तोलो यांनी आपल्या चार बागांची द्राक्षे एकत्र करून एकच बारोलो बनवण्याचा जुना रिवाज सोडला नाही. उतारवयात चाकांच्या खुर्चीत बसून ते बाटल्यांची लेबले हाताने रंगवत असत आणि त्यांपैकी एकावर त्यांनी लिहिले होते की लहान पिंपेही नकोत आणि राजकारणी बेर्लुस्कोनीही नको. ते 2005 मध्ये वारले. आज त्यांची कन्या मारिया तेरेसा त्याच पद्धतीने काम पाहतात. आता भांडण निवळले आहे आणि बहुतेक वाइनरींनी दोन्हींकडचे थोडेथोडे घेतले आहे, तरीही कुठल्याही तळघरात गेल्यावर पिंपांचा आकार आवर्जून पाहावा, कारण त्या घराची ओढ कोणीकडे आहे हे तिथे एका नजरेत कळते.

निफाडचा_बागायतदार

तुरिनकरांनी मातीचे सांगितले, मी वेलीचे सांगतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी होते, म्हणजे वर्षात दोनदा कात्री चालते आणि वेल खऱ्या अर्थाने झोपत नाही. लांगेमध्ये थंडीत वेल पूर्ण सुप्तावस्थेत जाते आणि एकच छाटणी होते. नेब्बिओलोची खोड अशी की काडीच्या बुडाकडचे डोळे बहुधा वांझ असतात, त्यामुळे काडी आखूड ठेवली तर घडच लागत नाहीत. म्हणून तिथे आठ-दहा डोळ्यांची लांब काडी राखून ती तारेवर आडवी बांधतात. ही जात फुटते लवकर आणि पिकते उशिरा, म्हणजे वसंतातील दहिवरापासून शरदातील पावसापर्यंतचे सगळे धोके तिच्याच वाट्याला येतात, आणि म्हणूनच उत्तम दक्षिणाभिमुख उतार तिच्यासाठी राखून उरलेल्या जागी बार्बेरा आणि दोल्चेत्तो या इतर जाती लावण्याची रीत पडली. बारोलोसाठी हेक्टरी 8 टनांची मर्यादा आहे, म्हणजे एकरी 3 टनांहून थोडेच अधिक. खाण्याच्या द्राक्षांचा हिशेब करणाऱ्या आमच्यासारख्यांना हा आकडा ऐकून घाम फुटेल. वाइनरी पाहायला गेलात तर तळघरापेक्षा बागेत अधिक वेळ काढा, असे माझे सांगणे आहे.

जाण्यापूर्वी इटालियन द्राक्षाची चव जिभेवर बसवायची असेल, तर सोलापूर जिल्ह्यातील अकलूजची फ्रातेल्ली ही इटालियन आणि भारतीय कुटुंबांनी मिळून उभी केलेली वाइनरी सांजोवेझे पिकवते. ते द्राक्ष इटलीतल्याच तोस्काना प्रांताचे, नेब्बिओलोशी त्याचा संबंध नाही, पण आम्लता आणि तुरटपणा अंगी असलेली लाल वाईन कशी लागते याचा अंदाज तिच्यावरून नक्की येतो.

भटका_खवय्या

मला तुरिनकरांचे मत निम्मेच पटते. प्रश्न कुटुंबाच्या वाइनरीचा आहे हे मान्य, परंतु 50 युरोंत नेब्बिओलो समजून घ्यायचे असेल तर बारोलोऐवजी पलीकडच्या बार्बारेस्को गावातील शेतकऱ्यांच्या सहकारी वाइनरीकडे, म्हणजे ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’कडे जावे. तिथल्या धर्मगुरूंनी 1958 मध्ये 19 छोट्या शेतकऱ्यांना एकत्र आणून ती सुरू केली आणि पहिले काही हंगाम चर्चच्या तळघरात वाईन बनली. सहकाराची उभारणी आणि पडझड दोन्ही जवळून पाहिलेल्या आपल्यासारख्यांना तिथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. द्राक्ष तेच, मुरवण्याची सक्तीची मुदत 26 महिने, आणि किंमत बऱ्याच बारोलोंहून कमी.

जेवणाबाबतही सांगून ठेवतो. तरुण नेब्बिओलोचा तुरटपणा अर्धकच्चे जांभूळ खाल्ल्यासारखा जीभ आवळून टाकतो, आणि त्यावर तिखट पडले की दोन्ही एकमेकांना चिथावतात. तेव्हा सावजी किंवा तांबडा रस्सा या बाटलीसोबत ठेवू नये; पांढरा रस्सा, मिरची बेताची असलेले सुके मटण किंवा शाकाहारी मंडळींसाठी लोण्यात परतलेले मश्रूम आणि जुने चीज चांगले जमते.

वाटसरू_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. वायरा कुटुंबाकडे जायचे जवळजवळ ठरवले आहे. आता एवढेच विचारतो की ठेवायच्या बाटलीसाठी सेर्रालुंगाची वाईन घ्यावी का, कोणत्या वर्षाची घ्यावी, आणि ऑक्टोबरमध्ये भेटीची वेळ मिळण्यात अडचण येईल का?

तुरिनकर

भेटीपासून सुरुवात करतो. ऑक्टोबरमध्ये नेब्बिओलोची काढणी चालू असते, घरातले सगळे बागेत किंवा तळघरात राबत असतात, आणि आल्बामध्ये पांढऱ्या ट्रफलचा मेळा भरत असल्यामुळे पर्यटकांचीही झुंबड असते. म्हणून आजच ईमेल करून वेळ मागून घ्यावी, आणि पाहुणे किती व भाषा कोणती चालेल हे त्यात स्पष्ट लिहावे. न कळवता दारात उभे राहणे इथे शिष्टसंमत नाही. तुरिनहून आल्बापर्यंत रेल्वे आहे, पण पुढच्या टेकड्यांवर गाडी लागते. वाहन चालवणाऱ्यासाठी रक्तातील मद्याची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे, तेव्हा जो चव घेणार त्याने चाक हाती घेऊ नये, अथवा सरळ आल्बाहून टॅक्सी ठरवावी.

बाटली ठेवण्याबाबत मात्र मी तुमचा बेतच बदलायला सांगेन. सेर्रालुंगाची 2016 किंवा 2019 ची वाईन दहा वर्षे ठेवण्याजोगी असते यात शंका नाही, पण ती 12 ते 14 अंशांच्या, अंधाऱ्या आणि तापमान न हलणाऱ्या जागी. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांना टेकतो, आणि कपाटाच्या तळाशी ठेवलेली बाटली तसे दोन उन्हाळे काढेपर्यंत तिचा सुगंध शिजून गेलेला असतो. वाईनसाठीचे खास शीतकपाट घरी नसेल तर महागातली महाग बाटली आणूनही काही साधणार नाही. त्याऐवजी पुण्याला दोन्ही बाटल्या लवकर पिण्याजोग्या न्या. 2018 चा हंगाम थंड व पावसाळी होता, त्या वर्षीच्या बारोलो हलक्या आहेत. 2017 कोरडे आणि उष्ण होते, त्याही आज मोकळ्या झालेल्या आहेत. दुकानात या वर्षांची ‘आल्बे’ किंवा ला मोर्राची एखादी बाटली मिळाली तर डोळे झाकून घ्या. उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, कारण पुण्याच्या खोलीचे तापमान या वाईनला फार होते, आणि मग दोन तास जगमध्ये ओतून ठेवा.

ठेवायची बाटली तुरिनमध्येच राहू द्या. इथल्या जुन्या इमारतींत बहुतेक प्रत्येक घराच्या वाट्याला तळघरातली एक छोटी खोली येते. मुलीकडे तशी असेल तर बाटली तिथे आडवी ठेवून द्यावी आणि पुढच्या एखाद्या फेरीत उघडावी. तशी सोय नसेल तर सेर्रालुंगाचा विचार सोडून त्याच पैशांत ‘लांगे नेब्बिओलो’च्या दोन बाटल्या घ्या, म्हणजे याच द्राक्षाची तरुण वाईन याच वर्षी पिऊन होईल. भारतात येताना प्रत्येक प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे तुम्हा दोघांच्या मिळून 750 मिलिलिटरच्या चार बाटल्या बसतात. फक्त त्या हातातल्या पिशवीत न ठेवता मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध गुंडाळून ठेवाव्या लागतील.