जीव आमचा, पण कोणाकोणाचा?

या चर्चेत एका सदस्याने लिहिलंय, "हेल्मेट असो की दहीहंडी, जीव आमचा, सरकारने मध्ये पडू नये." हेल्मेटपुरतं हे एकवेळ ऐकून घेईन. पण ठाण्यात राहून हंडीबद्दल हे पटत नाही.

टेंभी नाक्यावर जवळून बघा. वरचा थर घसरला की पडणारा पोरगा एकटा पडत नाही. खालच्या कुणाच्या तरी मानेवर त्याचा गुडघा बसतो. तिथे 'माझा जीव' नेमका कुठे संपतो?

२०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने हंडीच्या थरांना २० फूट उंचीची मर्यादा आणि गोविंदांना किमान १८ वर्षं वयाची अट घातली. तेव्हा आपल्याकडे किती ओरड झाली! २०१७ मध्ये उंचीची अट गेली, १४ वर्षांखालच्या मुलांना बंदी राहिली. मला हा तोडगा बराचसा मान्य आहे. मोठ्यांनी नऊ थर लावायचे तर खुशाल लावावेत. आठ-दहा वर्षांच्या पोराला मात्र 'तुझी मर्जी' म्हणता येत नाही. त्याला वर चढवणारे आपणच, आणि खाली टाळ्या पिटणारेही आपणच.

उंची फुटांत मोजत बसण्यापेक्षा सरकारने वरच्या गोविंदाचा पट्टा आणि दोर बघावा. दोर नसेल तर सलामीच (थर लावणंच) नको, आणि जबाबदारी गोविंदा पथकाची नव्हे, आयोजकाची. मंच त्याचा, बॅनरवरचा फोटोही त्याचाच. पथकातल्या पोरांवर गुन्हे नोंदवून काय मिळणार?